रस्त्याचाही हक्क असतो

वसई-विरारच्या गावांत शेजाऱ्यांचे भांडण पूर्वी बांधावरून व्हायचे, आता ते दारासमोर उभ्या केलेल्या गाडीवरून होते. सोपारा, पापडी, आगाशी, निर्मळ, गास, कुठेही जा. रस्ते आहेत तेवढेच राहिले आणि गाड्या मात्र वाढत गेल्या. या सदरात आपण घरातल्या गोष्टी बोलतो. गाडी घराबाहेर उभी राहत असली तरी ती घरातलीच गोष्ट आहे, म्हणून या महिन्यात तिच्याविषयी.

आपल्याकडचे गावरस्ते मोटारींसाठी आखलेले नाहीत. वाड्यांच्या कुंपणांमधून, बावखलांच्या काठाने बैलगाडी जाईल एवढी वाट होती. पुढे तिच्यावरच डांबर पडले. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली. कागदावर गावाचे शहर झाले, रस्त्याची रुंदी गावाचीच राहिली.

एक साधा हिशेब करू. रस्ता बारा फुटी धरा. मोठी चारचाकी जवळपास सहा फूट जागा घेते. उरलेल्या सहा फुटांतून रुग्णवाहिका निघत नाही आणि अग्निशमन दलाचा बंब तर सुमारे आठ फूट रुंद असतो. वाट बंद करायला फार गर्दी लागते असे नाही, एक गाडी पुरते. ती गाडी कोणाची, हे शोधत मोहल्ल्यात हाका मारण्यात जी दहा मिनिटे जातात, ती छातीत दुखणाऱ्या माणसाची असतात.

“पण इथे नो पार्किंगची पाटी कुठे आहे?” हा सवाल आम्ही नेहमी ऐकतो. पाटी नसली तरी नियम असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२२ नुसार सार्वजनिक जागी इतरांना धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा रीतीने वाहन सोडून जाता येत नाही. वळणावर, चौकाजवळ, पदपथावर, दुसऱ्याच्या फाटकासमोर गाडी लावू नये, हे २०१७ च्या वाहनचालक नियमावलीत आहे. अडथळा करणारी गाडी पोलिस उचलून नेऊ शकतात आणि तो खर्च मालकावर पडतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ प्रमाणे सार्वजनिक वाट अडवणाऱ्याला ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

दुसरा गैरसमज याहून खोल रुजलेला आहे: माझ्या दारासमोरचा रस्ता माझा. तो तसा नाही. जागा राखायला ठेवलेल्या कुंड्या, दगड, मोडकी मोटारसायकल हेही अतिक्रमणच. महापालिकेच्या हद्दीत ते काढण्याचा अधिकार महापालिकेला आहे. अर्नाळ्यासारख्या ग्रामपंचायतीच्या गावात १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम ५३ तो अधिकार पंचायतीला देते.

आपल्या दीनने तर रस्त्याची रुंदीसुद्धा सोडलेली नाही. वाटेच्या रुंदीवरून वाद झाला तर ती सात हात ठेवावी, असा प्रेषित मुहम्मद (स.) यांचा निर्णय बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. अबू दाऊदमध्ये एका मोहिमेचा प्रसंग आहे. मुक्कामाच्या ठिकाणी लोकांनी दाटी केली आणि वाट अडवली. तेव्हा प्रेषितांनी दवंडी पिटवली की जो जागा अडवील किंवा वाट तोडील, त्याला जिहादचे पुण्य नाही. केवढ्या मोठ्या कामावर निघालेल्या माणसांना हे सांगितले गेले, याचा विचार करावा. मग जुम्म्याची जमात गाठायच्या घाईत दुसऱ्याच्या फाटकासमोर गाडी लावून आत गेलेल्या माणसाने कोणता हिशेब मांडायचा?

रविवारी चर्चसमोर, कार्तिकात निर्मळच्या यात्रेला, सुटीच्या दिवशी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर गाड्या लागतात, मग आमच्याच मशिदीसमोर का बोलता, असे कोणी म्हणेल. कारण त्या गाड्यांच्या चाव्या आपल्या हातात नाहीत. आपल्या गाड्यांच्या आहेत. आणि जनाजा खांद्यावर घेऊन दोन गाड्यांच्या फटीतून वाकडे होत जायची वेळ शेवटी आपल्यावरच येते.

“जागाच नाही, तर गाडी डोक्यावर ठेवू?” ही अडचण खरी आहे. जपानमध्ये १९६२ पासून गाडी ठेवायच्या जागेचा दाखला लागतो. आपल्याकडेही २०२५ मध्ये राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी जागेच्या दाखल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी न करण्याचे धोरण बोलून दाखवले. ते येईल तेव्हा येईल. तोवर जमातीला आणि मोहल्ला कमिटीला बरेच करता येते.

शाळेचे मैदान किंवा ओळखीच्या वाडीतली मोकळी जागा शुक्रवारपुरती मागून घ्यावी. दोन तरुणांनी अजानपासून सलामपर्यंत नाक्यावर उभे राहावे. प्रत्येक गाडीच्या काचेवर मालकाचा फोन नंबर असावा. निकाह-वलिम्याच्या पत्रिकेत गाड्या कुठे लावायच्या ते छापावे. रस्त्याच्या एकाच बाजूला, सम-विषम तारखेप्रमाणे गाड्या लावायचा नियम हवा असेल, तर रहिवाशांच्या सह्यांचा अर्ज वाहतूक पोलिसांकडे आणि महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात द्यावा. अर्जावर शेजारच्या आळीतल्या ख्रिस्ती आणि हिंदू बांधवांच्या सह्याही घ्याव्यात, कारण रुग्णवाहिका त्यांच्याही दारात जायची असते. अर्जाची पोचपावती जपून ठेवावी.

घरातल्या मायबहिणींना एक विनंती. नवी गाडी घ्यायची बोलणी निघाली की किंमत, हप्ता आणि रंग विचारला जातो. त्याआधी एक प्रश्न तुम्ही विचारा: ती रात्री कुठे उभी राहणार? उत्तर “रस्त्यावर, अजून कुठे?” असे आले, तर बोलणी तिथेच थांबवा आणि आधी जागा शोधायला सांगा.