उसंतीचा हक्क आणि कार्यकर्ता

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी. मालकांच्या औदार्यातून ती आलेली नव्हती. सत्यशोधक चळवळीत घडलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून सभा घेऊन आणि हजारो कामगारांच्या सह्यांची निवेदने देऊन ती मिळवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर केंद्रात मजूर खाते सांभाळत असताना १९४६ साली कारखान्यांतील कामाची मर्यादा आठवड्याला ५४ तासांवरून ४८ तासांवर आली. माणसाला यंत्राच्या गतीतून सोडवून विचार करण्याएवढी उसंत देणे, हा या लढ्यांचा आशय होता.

आज तीच उसंत हिरावली जात आहे. तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असा उपदेश एका नामवंत उद्योगपतीने २०२३ साली केला. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची कमाल मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली. खेपेगणिक मोबदला घेऊन घरोघरी वस्तू पोहोचवणाऱ्या तरुणाला ‘जरा सावकाश घ्या’ असे सांगणे ही क्रूर थट्टाच होय. त्याला मनःशांतीच्या प्रवचनांची नव्हे, पुरेशा वेतनाची आणि मर्यादित तासांची गरज आहे. हा लढा आपल्याला लढवावाच लागेल.

परंतु तो लढवणाऱ्या कार्यकर्त्याची अवस्था काय आहे? सकाळी निवेदन, दुपारी धरणे, सायंकाळी बैठक आणि मधल्या प्रत्येक क्षणी मोबाईलवरचे संदेश. रेशनकार्डाची तक्रार घेऊन आलेली बाई बोलत असते आणि कार्यकर्त्याची नजर हातातल्या पडद्यावर असते. अर्ज लिहून होतो. पण तिच्यासारख्या आणखी किती जणींची नावे वगळली गेली, हा प्रश्न विचारायचाच राहतो. अशा धावपळीत कार्यक्रम वाढतात, चळवळ वाढत नाही. सत्ताधारी रोज नवा वाद उभा करतात आणि आपण रोज त्याला उत्तर देत बसतो. आपला विषय मग दुसरेच कोणी ठरवू लागते.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात विनोबांनी ओळीने १८ रविवार गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. बाहेर कायदेभंगाची चळवळ चालू होती. तरीही आठवड्यातून एकदा स्थिर बसून ऐकणे आणि ऐकलेले शब्दांत उतरवणे, हे त्या सत्याग्रहींना लढ्यापासून पळणे वाटले नाही. तेथे उसंत तुरुंगाने दिली होती. आपल्याला ती स्वतः योजावी लागेल.

म्हणून प्रत्येक शाखेने आठवड्यातील एक सायंकाळ राखून ठेवावी. त्या वेळी बैठक नसावी, मोबाईल बंद असावेत. एका आठवड्यात एखादा ग्रंथ किंवा कायदा एकत्र वाचावा. दुसऱ्या आठवड्यात एकाच वस्तीत जाऊन, कोणतेही आश्वासन न देता, लोकांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे. जे ऐकले ते वहीत नोंदवावे आणि पुढचा कार्यक्रम त्या नोंदींतून ठरवावा. त्यामुळे महिन्याकाठी एखादे धरणे कमी होईल. पण जे होईल, ते कशासाठी आहे हे त्यात बसलेल्या प्रत्येकाला सांगता येईल.