सपाट तक्ता, सपाट विचार

चांद्रयान-२ ची निरीक्षणे इस्रोच्या ‘प्रदान’ संकेतस्थळावर अभ्यासकांना खुली आहेत. ती पीडीएस-४ या आंतरराष्ट्रीय रचनेत असतात. प्रत्येक निरीक्षणासोबत एक्सएमएलचे वर्णनपत्र येते, त्यात थरांखाली थर. आकडा ज्या टॅगमध्ये असतो, त्याच टॅगवर त्याचे एकक नोंदलेले असते.

‘कोड लिहावाच लागत नाही’ असे मिरवणारी लो-कोड साधने ही उतरंड एका तक्त्यात चेपू पाहतात. आकडा रकान्यात बसतो. एकक वाटेतच गळू शकते. दुसरा धोका छुपा आहे. एक्सएमएलचे जेसन करताना एखादा घटक अनेकदा आला तर त्याची यादी बनते. एकदाच आला तर बहुधा बनत नाही. मग दहा नोंदींवर तपासलेला कार्यप्रवाह एकाच नोंदीवर कोसळतो, किंवा मुकाट्याने रकाना रिकामा सोडतो.

याला सुलभीकरण म्हणणे ही फसवणूक आहे. गुंतागुंत संपत नाही. ती केवळ विद्यार्थ्याच्या नजरेआड होते. साधने जरूर वापरावीत. पण आधी आराखडा वाचून, आणि माहिती त्याच्याशी न जुळल्यास कार्यप्रवाह थांबेल अशी अट घालून. कोसळलेला कार्यप्रवाह दुरुस्त करता येतो. एकक हरवलेला आकडा शोधनिबंधात निर्धास्त जाऊन बसतो.