अडतीस सेकंदांचा हिशेब

उरण तालुक्यातील मोरा बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याकडे जाणाऱ्या लाँचचे वेळापत्रक माणसे ठरवीत नाहीत, समुद्र ठरवितो. ओहोटी मोठी असली की गाळ उघडा पडतो, लाँच धक्क्याला लागू शकत नाही आणि कामावर निघालेला माणूस ताटकळत राहतो. तथापि त्याला याची आगाऊ कल्पना असते, कारण भरती-ओहोटीचे कोष्टक वर्षभर आधी छापता येते. हिमालयातील बर्फाचे असे कोष्टक नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये गुलमर्ग येथे व्हावयाच्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा उतारावर पुरेसा बर्फ नसल्यामुळे पुढे ढकलाव्या लागल्या व त्या मार्चमध्ये उरकण्यात आल्या. औली येथील राष्ट्रीय स्पर्धा 2023 मध्ये याच कारणाने रद्द झाली होती. ज्या देशाला आपली राष्ट्रीय शर्यत कोणत्या आठवड्यात होईल हे खात्रीने सांगता येत नाही, त्या देशाचा स्कीपटू ऑलिम्पिकमध्ये कितवा आला, हा प्रश्न विचारण्यापूर्वी थोडे थांबणे बरे.

2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकच स्पर्धक होता, काश्मीरचा आरिफ खान. गलवानच्या संघर्षात सहभागी झालेल्या चिनी सैनिकाच्या हाती मशाल दिल्याचे निमित्त झाले आणि भारताने उद्घाटन व समारोपावर राजनैतिक बहिष्कार टाकला. दूरदर्शननेही हे दोन्ही समारंभ दाखविले नाहीत. वृत्तपत्रांतील चर्चा बहुतांशी तेथेच संपली. प्रत्यक्ष शर्यतीत काय झाले? स्लॅलम म्हणजे उतारावर रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी वळणे घेत खाली येण्याची शर्यत; जायंट स्लॅलममध्ये ही वळणे अधिक अंतरावर असतात व वेगही अधिक असतो. दोन फेऱ्यांच्या वेळांची बेरीज होते. जायंट स्लॅलममध्ये ऐंशीहून अधिक जण उतरले, त्यांपैकी 46 जणांनीच दोन्ही फेऱ्या पुऱ्या केल्या आणि आरिफ 45 वा आला. स्वित्झर्लंडच्या विजेत्या मार्को ओडरमाटपेक्षा त्याला सुमारे 38 सेकंद अधिक लागले. स्लॅलममध्ये त्याची पहिलीच फेरी अपुरी राहिली. जो खेळ सेकंदाच्या शंभराव्या भागाने निकाली लागतो, त्यात 38 सेकंद म्हणजे एक युगच.

हे अंतर एका माणसाच्या पायांतले आहे असे समजणे मात्र चूक ठरेल. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाची गुणपद्धती उलटी आहे. गुण जितके कमी, तितका स्पर्धक वरचा. आणि एखाद्या शर्यतीतून किती कमी गुण मिळू शकतील हे त्या शर्यतीत कोण उतरले आहे यावर ठरते. नामांकित स्पर्धक नसतील तर पहिला येऊनही गुण फारसे उतरत नाहीत. म्हणजे गुलमर्गमध्ये जिंकत राहणाऱ्याची पत गुलमर्गमध्येच राहते; ती वाढवावयाची तर युरोपात जाऊन, आपल्याहून सरस लोकांशी हरत हरत, शर्यतींमागून शर्यती खेळाव्या लागतात. प्रवास, निवास, उताराचे शुल्क, प्रशिक्षक आणि झिजणारी साधने हा सारा खर्च परकीय चलनात. शिवाय पहिल्या फेरीत वरच्या गुणांकनाचे स्पर्धक आधी सुटतात, मागून येणाऱ्याच्या वाट्याला त्यांनी उकरलेला, खाचखळग्यांचा मार्ग येतो. भांडवल असलेल्याला भांडवल स्वस्त मिळावे, हा बाजाराचा नियम येथेही चुकलेला नाही.

बीजिंगसाठी साधारण 160 गुणांच्या आत असणे आवश्यक होते. आरिफने स्लॅलमची पात्रता नोव्हेंबर 2021 मध्ये मिळविली, आणि ती दुबईत! उरणच्या कितीतरी घरांना नोकरीमुळे ठाऊक असलेल्या त्या वाळवंटी शहरात, एका मॉलच्या छताखालील कृत्रिम उतारावर, हिमालयाच्या कुशीत वाढलेल्या मुलाला ऑलिम्पिकचा दरवाजा उघडला. जायंट स्लॅलमची पात्रता पुढच्याच महिन्यात माँटेनेग्रोत मिळाली. त्यानंतर केंद्र सरकारने युरोपातील 35 दिवसांच्या सरावासाठी सुमारे साडेसतरा लाख रुपये मंजूर केले. त्याआधी मुंबईच्या जेएसडब्ल्यू समूहाच्या क्रीडा विभागाचा आधार त्याला होता. याच समूहाचा पोलाद कारखाना मोरा ज्या रायगड जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात डोलवीला आहे. पण 2018 च्या ऑलिम्पिकपूर्वी लोकवर्गणीचा प्रयत्न करूनही पैसा अपुरा पडला व ती संधी हुकली.

शासनाचा पैसा आला खरा. पण पात्रता सिद्ध झाल्यावर आला. पात्रता मिळविण्यासाठी लागणारा दहा-पंधरा वर्षांचा खर्च कोणी केला? गुलमर्गमध्ये वडिलांचा स्कीच्या साहित्याचा व पर्यटनाचा व्यवसाय असलेला मुलगाच तेथवर पोहोचावा, हा योगायोग नव्हे. आपल्या बाकीच्या हिवाळी स्पर्धकांपैकी अनेक जण लष्करातून आले, तेही याच कारणाने: बर्फावर वर्षानुवर्षे पगार देऊन माणूस ठेवणाऱ्या संस्था देशात फार थोड्या आहेत. 1964 आणि 1968 मध्ये भारतातर्फे एकटाच उतरलेला जेरेमी बुजाकोव्स्की तर पोलंडहून येथे आलेल्या कुटुंबातला.

महाराष्ट्राला ही गोष्ट अपरिचित वाटू नये. 1952 साली हेलसिंकीला जाण्यासाठी खाशाबा जाधवांना पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले आणि परतल्यावर कुस्त्या भरवून ते कर्ज फेडले. तेथे निदान फेडण्याची सोय होती. शाहू महाराजांच्या काळापासून गावोगावी तालमी होत्या आणि तिकीट काढून कुस्ती पाहणारा प्रेक्षक होता. स्कीपटू परत येऊन काय भरविणार? त्याच्या खेळाला ना तालीम, ना गर्दी.

यावर एक आक्षेप येतो व तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. जिथे शाळेला मैदान नाही तिथे बर्फावरच्या खेळावर खर्च कशाला? बीजिंगमध्ये 91 चमूंपैकी 29 चमूंनाच पदके मिळाली, आणि सर्वाधिक 16 सुवर्णपदके अवघ्या पंचावन्न लाख वस्तीच्या, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहून कमी लोकसंख्येच्या नॉर्वेने नेली. ती शर्यत भारताने पदकासाठी धावू नये, हे अगदी मान्य. पण बर्फ हा पहाडी जिल्ह्यांत खेळापुरता नाही, तो तेथील हंगाम आहे. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्ग कोरडे पडले तेव्हा घोडेवाले, स्लेज ओढणारे, वाटाडे आणि हॉटेलमधील नोकर एकदमच रिकामे बसले. लहान मुलांसाठी राखलेला दोनशे मीटर उंचीचा उतार, वर नेणारी साधी दोरयंत्रणा, बर्फ दाबून ठेवणारे यंत्र यांवरचा खर्च त्यांच्याही हंगामाला हातभार लावतो. युरोपातील पस्तीस दिवसांचा खर्च युरोपातच राहतो. कृत्रिम बर्फाचा मार्गही आहे, बीजिंगजवळच्या रुक्ष डोंगरांवरील शर्यती जवळजवळ संपूर्णपणे त्याच्यावर झाल्या. मात्र त्याला मुबलक पाणी, वीज आणि शून्याखालचे तापमान लागते. औलीला 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी अशी यंत्रे बसविली होती, तरी तेथील शर्यती बर्फाअभावी रद्द होतच आहेत.

2026 च्या मिलान-कोर्तिना ऑलिम्पिकसाठी भारताचा चमू दोघांचाच होता: आरिफ खान आणि क्रॉस-कंट्री स्कीइंगमधील स्टॅन्झिन लुंडुप. पुढचे हिवाळी ऑलिम्पिक 2030 मध्ये फ्रेंच आल्प्समध्ये आहे. त्या वेळी जो अठरा वर्षांचा असेल, तो गुलमर्ग, औली किंवा लडाखमधील मुलगा 2026 मध्ये आठवी-नववीत आहे, आणि त्याचे गुण अजून कोणी मोजू लागलेले नाही.