गोल भांड्यावरचं नाव

आमच्या मोहल्ल्याच्या जमातीकडे लग्नकार्याची भांडी आहेत. देगा, पराती, जग, गिलास. यातल्या बऱ्याच भांड्यांवर कुणा ना कुणा मयताचं नाव आहे. घरचे लोक ईसाले सवाबसाठी भांडी देतात आणि देताना त्यावर नाव घालून घेतात. माझ्या आजोबांच्या नावाची परात अजून वापरात आहे. (आमच्या घरातल्या भांड्यांवर ‘महमद’, ‘महंमद’ आणि ‘मोहम्मद’ अशी तिन्ही रूपं सापडतील. नाव घालणाऱ्याला जसं ऐकू आलं तसं त्यानं कोरलं!)

ही नावं एक चाचा घालायचे. भांडीवाल्याच्या दुकानाबाहेर स्टूल, हातात थरथरणारं विजेचं यंत्र आणि अक्षरावर पैसे. गेल्या काही वर्षांत त्यांचं काम आटलं. त्यात थोडा हात माझ्या भाच्याचाही आहे. त्यानं कर्ज काढून फायबर लेसरचं मशीन घेतलं. माझा मशीनला विरोध नाही. चाचांचा हात आता कापतो आणि दोनशे गिलासांवर एकसारखं अक्षर उमटवणं कुणाच्याच हातानं होत नाही. तक्रार आहे ती ‘नाव टाइप करा, बटन दाबा, झालं’ असं सांगून मशीन विकणाऱ्यांबद्दल.

लेसरचा किरण एका ठराविक उंचीवरच नीट लागतो. सपाट ताटलीला ते ठीक. गिलास गोल, त्याचा वरचा एक पट्टा तेवढा त्या उंचीवर असतो, बाकीचा भाग खाली उतरत जातो. म्हणून भांडं फिरवणारं रोटरी नावाचं जोड-उपकरण लागतं. ते दोन प्रकारचं. एकात भांडं दोन रुळांवर नुसतं ठेवलेलं असतं आणि रूळ त्याला फिरवतात. दुसऱ्यात चक असतो, त्याचे जबडे भांडं धरतात. रुळाला भांड्याचा व्यास सांगावा लागत नाही, पण भांडं घसरतं, आणि निमुळतं असेल तर हळूहळू एका बाजूला सरकतं. कानाचा मग तर रुळावर पूर्ण फिरतच नाही. चकमध्ये घसरायची भीती कमी, पण व्यास अचूक सांगावा लागतो.

भाच्याच्या मशीनमध्ये चक आहे. अशा मशीनमध्ये सॉफ्टवेअर नावाचे उभे बारीक काप करतं. एक काप कोरायचा, गिलास किंचित फिरवायचा, मग पुढचा काप. किती फिरवायचं ते व्यासावरून ठरतं. खरा व्यास ७० मिलिमीटर आणि तुम्ही ७३ सांगितला, तर गिलास कमी फिरतो, काप एकमेकांवर चढतात आणि अक्षराला काळ्या दुहेरी रेघा पडतात. कमी सांगितला तर कापांमध्ये पांढऱ्या फटी राहतात.

हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. रोटरी जादा पैसे घेऊन दिली, एका सरळ पाइपवर दोन मिनिटं फिरवून दाखवली आणि विकणारा माणूस गेला. पहिलं मोठं काम आलं ते आमच्याच जमातीचं: एका वारलेल्या बाईच्या नावानं दोनशे स्टीलचे गिलास, तिच्या मुलानं दिलेले. चाळीसेक गिलास झाल्यावर भाच्यानं मला फोन केला, “मामू, जरा येता का?” त्या बाईंचं नाव फाटल्यासारखं दिसत होतं. काहींवर ठीक, काहींवर फाटलेलं. त्याला वाटलं मशीनच बिघडलं. हप्ता जवळ आलेला, चेहरा उतरलेला. आणि आईचं असलं नाव मुलाच्या हातात कसं द्यायचं?

मी चाचांना बोलावून आणलं. लेसर त्यांनी जवळून कधी पाहिलेला नव्हता. त्यांनी चार गिलास हातात घेतले, नखानं वाजवले आणि म्हणाले, “बेटा, हा माल दोन लॉटचा आहे.” मग गिलासाला दोरा गुंडाळला, खूण केली, पट्टीवर धरला. घेर निघाला, त्याला ३.१४ नं भागलं की व्यास. दोन लॉटमध्ये जवळपास तीन मिलिमीटरचा फरक! शिवाय गिलास खाली निमुळता. म्हणून दोरा तोंडाशी नाही, जिथं नाव येणार तिथंच गुंडाळायचा, हे त्यांनीच सुचवलं. चक थोडा तिरका करून गिलासाची वरची रेघ आडवी समांतर आणायची, हे भाच्याला मग आपोआप सुचलं. आणखी एक गोष्ट चाचांनी पाहताक्षणी सांगितली: पातळ पत्र्याचा गिलास जबड्यात इतका आवळू नकोस, तो लंबगोल होतोय.

हे चाचांचं ज्ञान यंत्राचं नव्हतं, भांड्याचं होतं. आणि रोटरीला नेमकं तेच लागतं. आपण मात्र हिशेब उलटा मांडला. मशीन आलं, म्हणजे कोरणारा संपला, असं धरून त्याला स्टुलासकट उठवलं, आणि ज्याला भांड्याची जात ओळखता येत नाही अशा पोराच्या डोक्यावर कर्ज ठेवलं. माझं म्हणणं आहे की अशा प्रत्येक दुकानात एक जुना कोरणारा पगारावर असायला हवा. दयेपोटी नाही. त्यांच्यामुळे वाया जाणारा माल वाचतो, हे आम्ही एका संध्याकाळी पाहिलं. आणि मशीन विकणाऱ्यांनी सरळ पाइपऐवजी निमुळत्या गिलासावर नाव घालून दाखवल्याशिवाय कुणी रोटरीचे पैसे देऊ नयेत.

उरलेले गिलास नीट झाले. बिघडलेले भाच्यानं पदरचे पैसे घालून बदलून दिले; ते आता दुकानात नव्या कामाआधी चाचणीला वापरतो. चाचा असरनंतर येऊन बसतात, खिशात दोरा असतो. महिन्याला किती द्यायचे, हे भाचा अजून बोललेला नाही. चाचा स्वतःहून विचारणार नाहीत, म्हणून या जुम्म्याला मीच विचारणार आहे.