धुराची पारख

पाइपात ओढावयाच्या तंबाखूच्या एका धुरकट मिश्रणाविषयी आमचे मत काय, अशी पृच्छा नाशिकातील काही हौशी स्नेह्यांनी आमच्याकडे केली आणि आमची वाट चुकू नये म्हणून त्या मिश्रणावर त्यांनी स्वतः लिहिलेली पाचसहा परीक्षणेही सोबत धाडली. मिश्रणापेक्षा परीक्षणांनीच आम्हांस अधिक विचारात पाडले. एकात त्या धुरास शिकाऱ्यांच्या शेकोटीची उपमा होती. दुसऱ्यात घोड्याच्या जुन्या खोगिराची. तिसऱ्या लेखकास तर पहिल्याच झुरक्यात स्कॉटलंडच्या माळावरील पावसाळी संध्याकाळ आठवली होती. हे तिघेही आमच्या परिचयाचे. त्यांपैकी एकानेही शिकार केलेली नाही, घोड्यावर मांड ठोकलेली नाही, आणि स्कॉटलंडचा माळ तर राहोच, पांडवलेण्यांची टेकडीही कधी पायी चढलेली नाही. न घेतलेल्या अनुभवाची आठवण होणे हा चमत्कार सृष्टिशास्त्रात बसत नसला तरी हल्लीच्या रसग्रहणात मात्र बसतो; तो कसा बसतो याचाच थोडा झाडा घ्यावा, असे आम्ही योजिले आहे.

आरंभीच एक खुलासा करून टाकितो. हा लेख व्यसननिषेधाचा नव्हे. तंबाखू घातक आहे हे वैद्यकाने निर्विवाद सिद्ध केले आहे. 2003 साली त्याविषयी कायदा झाला, 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक जागी धूम्रपानास देशभर बंदी आली, आणि आता वेष्टनावरील भयंकर चित्रे पाहूनही ज्यास समजत नाही त्यास आमच्या चार ओळींनी समजेल, असा भ्रम आम्हांस नाही. धूर सुवासिक असला म्हणून फुप्फुसास तो सुवासिक लागत नाही, एवढे म्हणून तो विषय आम्ही बाजूस ठेवितो. आमचा वाद रसिकतेशी आहे.

या मिश्रणातील धूर येतो कोठून? सीरियाच्या किनाऱ्यावर लाताकिया नावाचे बंदर आहे. त्याच्याच नावाने प्रसिद्ध असलेला पाला प्रथम उन्हात वाळवितात, मग बंद खोपटात टांगून त्याखाली ओक, पाइन अशी लाकडे व सुवासिक झुडपे मंद धुमसत ठेवितात. दीर्घकाळ धुरी घेऊन तो पाला काळाठिक्कर पडतो. पुढे सायप्रस बेटावरही हीच रीत रुजली. हा पाला एकटा क्वचितच ओढितात. व्हर्जिनियाच्या गोडसर आणि तुर्की जातीच्या सुगंधी पाल्यात तो मिसळतात. इंग्रजी धाटणीची म्हणून जी मिश्रणे नावाजली, त्यांचा प्राण बहुधा हाच. चीनच्या फूच्येन प्रांतात पाइनच्या धुरावर सुकविलेला चहा होतो, तो याचे भावंडच म्हणावयाचे.

आता जिभेचा प्रश्न. आयुर्वेदाने रस सहा सांगितले. धूर त्यांत नाही. तो रस नव्हेच, तो गंध आहे. जिभेवर वाटतो खरा, पण घशाकडून नाकाच्या मागल्या वाटेने तो चढलेला असतो. आमच्या तर्कशास्त्राने गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानिला आहे. त्या सिद्धान्ताचे शास्त्रीय मोल काहीही असो, परीक्षकास त्यात एक इशारा आहे. नवा गंध आपण ताडून पाहातो तो आपल्या मातीत साठलेल्या गंधांशी. परक्याची स्मृती उसनी आणून नाक चालत नाही. नाशिकच्या आसमंतात गेल्या शतकाच्या अखेरीपासून मद्याचे कारखाने निघाले, तेव्हापासून आमच्या लोकांस पेला नाकाशी धरून बोलण्याची कला आली. पण द्राक्षे इथली, माती इथली, पाणी गोदावरीचे, आणि शब्द मात्र बोर्दोचे. तेच शब्द आता पेल्यातून पाइपात उतरले आहेत.

आम्ही ते मिश्रण तीन चिमटींनी पाइप भरून, दोनदा पेटवून, सावकाश ओढून पाहिले. आमचे मत असे. पहिला वास राळेचा व उदाचा. त्याच्या पाठोपाठ बाळंतिणीच्या खोलीतील धुरीचा. ओवा आणि बाळंतशोपा विस्तवावर पडताच जो सुटतो तो. मध्यावर व्हर्जिनियाचा गोडवा वर येतो, तो बेदाण्याचा आहे, गुळाचा नव्हे; हा टप्पा उत्तम. शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात मात्र आषाढातला गोठा आहे: ओल्या गोवऱ्या आणि कडुनिंबाचा पाला पेटवून डास पळविण्यासाठी केलेली धुरी, आणि सोबत जिभेस चरचर. मिश्रण करणाऱ्याने धुरास आवर घातलेला नाही. चांगल्या मिश्रणात धूर तबल्यासारखा साथीस असावा. येथे तो गवयाचा आवाज बुडवितो. म्हणून हे मिश्रण मध्यम, अशी आमची नोंद आहे. ज्यांस खोगिराचा वास आला त्यांनी तो कोठे आला ते दाखवावे.

या संबंधात घडलेली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात त्या मिश्रणाचा डबा प्रथम उघडला, तेव्हा त्यांच्या वृद्ध मातोश्री आत माजघरात होत्या. वास तेथवर पोहोचला असावा. त्यांनी सुनेस हाक मारून विचारिले, "अगं, दूध धुरकटलं की काय? बघ बरं जरा." दिवाणखान्यात हशा पिकला. आम्हांस हसू आले नाही. त्या डब्यावर झालेल्या साऱ्या परीक्षणांत हेच एक परीक्षण स्वानुभवाचे होते. दूध आणि धूर हे दोन गंध वेगळे ओळखून, एकाने दुसऱ्यात शिरणे हा दोष आहे असा निर्णय देणारे नाक चुलीपुढे साठ वर्षे बसल्याशिवाय तयार होत नाही.

मराठीत या विषयास शब्द नाहीत असे जे म्हणतात त्यांनी मराठी स्वयंपाकघर पाहिलेले नाही. भाताला लागतो तो धुरकट वास; डाळ लागली की येतो तो करपट; कांदा नेमका भाजला की खमंग, आणि एक क्षण अधिक झाला की जळकट. निखाऱ्यावर तूप सोडून मुद्दाम देतात तो धुंगार. फोडणीचा ठसका निराळा आणि ओल्या सरपणाच्या धुराने लागणारा ठसका निराळा. एका विस्तवाभोवती एवढा बारीक विवेक ज्या भाषेने केला, तिच्या लेखकाने धुराचे वर्णन करावयास स्कॉटलंडास जावे, यास आम्ही दारिद्र्य म्हणत नाही; घरची तिजोरी न उघडण्याचा हा आळस आहे.

आणि आळसाखाली याहून वाईट काही दडलेले आहे. नाशिकच्या वेशीबाहेर रविवारी सकाळी गाड्यांची रांग लागते ती चुलीवरच्या मिसळीसाठी. रश्श्यास धुराचा वास आला की मंडळी डोळे मिटून मान डोलावितात. याच मंडळींच्या आयांनी फुंकणी फुंकून डोळे लाल करून घेतले होते, आणि घरात गॅसची शेगडी आली त्या दिवशी तिला हळदकुंकू वाहिले होते. गरिबाघरच्या बाईची त्या धुरातून सुटका व्हावी म्हणून 2016 साली सरकारास उज्ज्वला योजना काढावी लागली. मिसळीस नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. ती आम्हीही खातो. परंतु धूर रुचकर लागतो तो उठून जाता येणाऱ्यास, ही गोष्ट परीक्षकाच्या ध्यानात असावयास नको काय? चुलीपुढील बाई त्याच धुरास खोकला म्हणते. दोघांचे नाक एकच वास घेते. एकाच्या नोंदीस रसग्रहण म्हणावयाचे आणि दुसरीच्या नोंदीस तक्रार, हा न्याय आम्हांस मान्य नाही.

कोणी म्हणेल, हा स्वदेशीचा जुना सूर आहे. तसे नव्हे. असद बेगाने विजापुराहून तंबाखू व एक नक्षीदार चिलीम नेऊन अकबरापुढे ठेविली, ती हकीकत त्याने स्वतःच लिहून ठेविली आहे. तो काळ 1604 च्या सुमाराचा. त्याच साली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने तंबाखूवर कडक पुस्तिका लिहून छापिली. अकबराच्या हकिमाने आक्षेप घेतला. असद बेगाने युक्तिवाद केला की फिरंगी काही इतके मूर्ख नाहीत, आणि जगातील प्रत्येक चाल कधी ना कधी नवीच होती. बादशहा त्याच्यावर प्रसन्न झाला व इतिहासात बाजी त्याचीच ठरली. पण हकिमाचे म्हणणे बारकाईने पाहावे. वस्तू परकी म्हणून फेकून द्या, एवढेच तो म्हणत नव्हता. आपल्या शहाण्यांनी पारखल्याविना फिरंग्यांची चाल उचलू नये, असे तो म्हणत होता. दरबार त्या दिवशी युक्तिवादावर खूश झाला, आणि पारख करावयाची राहून गेली ती राहूनच गेली.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे व तो साहित्याच्या वाचकांस परिचित आहे. आस्वाद हा आस्वादासाठीच. पाला कोणी खुडला, लाकूड कोणाचे जळले, याची विचारपूस चवीच्या प्रांतात कशास? फडके-खांडेकरांच्या काळी 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद आमच्या मासिकांतून इतका रंगला की त्याचा धूरही अद्याप पुरता विरलेला नाही. आम्ही तो येथे पुन्हा पेटवीत नाही. आक्षेपकांचाच नियम घटकाभर मान्य करू. मग वस्तू वस्तू म्हणूनच पारखावी. डब्यावरील चित्र, नाव आणि विलायतेचे वलय बाजूस ठेवावे. तेवढे तरी कोण करितो? जे. एम. बॅरी याने 1890 साली 'माय लेडी निकोटीन' या पुस्तकात 'आर्केडिया' नावाच्या मिश्रणाची अपूर्व स्तुती केली. पुढे ते मिश्रण म्हणजे अमुक दुकानाचे क्रेव्हन मिश्रण, असे त्याने सांगितले, आणि त्या दुकानाने ते वाक्य आपल्या जाहिरातीत मिरविले. त्यानंतर ज्यांनी तो डबा विकत घेतला त्यांनी तंबाखू ओढला की बॅरीचे गद्य ओढले, हे कोणी सांगावे? शुद्ध आस्वादाचा दावा करणाऱ्यांनी निदान हे उदाहरण विसरू नये.

पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी आहे, हे अनुमान न्यायशास्त्राचा विद्यार्थी पहिल्याच धड्यात शिकतो. आमचे रसिक धुरापाशीच थांबतात. अग्नीपर्यंत गेले तर त्यांस कळेल की सीरियात त्या खोपटांस लागणाऱ्या सरपणापायी जंगलतोडीची ओरड झाली. आंध्र-कर्नाटकात व्हर्जिनियाचा पाला भट्टीघरात नळ्यांच्या उष्णतेने वाळवितात. त्यास धूर शिवत नाही, पण त्यासाठी लाकूड जळतेच. आपल्याकडील विडीचा तंबाखू उन्हावर वाळतो, आणि त्याभोवती गुंडाळलेले तेंदूचे पान गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या रानातून उन्हाळ्यात खुडून येते. त्या पानाच्या जळण्यास स्वतःचा एक वास आहे, किंचित गोड व कोरडा. परंतु त्यावर परीक्षण लिहिल्याचे आमच्या पाहाण्यात नाही, कारण विडी डब्यात येत नाही.

पारखीच म्हणाल तर ते विडीच्या धंद्यातही आहेत. सिन्नर हे विडी वळणाऱ्या स्त्रियांचे गाव म्हणून फार जुने प्रसिद्ध. आज तो धंदा पूर्वीइतका राहिला नसला तरी ज्यांची बोटे त्यात झिजली त्या बाया तेथे आहेत. पान भिजवावयाचे, पत्र्याच्या मापाने कातरावयाचे, चिमूटभर तंबाखू पसरून वळावयाचे, टोक मुडपून दोरा बांधावयाचा, मजुरी हजारावर. संध्याकाळी माल तपासणारा मूठभर विड्या उचलून दाबून पाहातो आणि नापसंत पडतील त्या बाजूस टाकितो. त्यांची मजुरी बुडते. हीसुद्धा तंबाखूची परीक्षाच की नाही? फरक इतकाच की या परीक्षकाच्या एका शब्दाने कोणाच्या तरी घरचे पीठ कमी होते, आणि आमच्या परीक्षकांच्या शब्दाने कोणाचेच काही होत नाही. या कामगारांच्या रक्षणास 1966 साली कायदा करावा लागला तो उगाच नव्हे. सीमाभागातील निपाणीच्या वखारींत पाला कुटणाऱ्या, चाळणाऱ्या स्त्रियांविषयी अनिल अवचटांनी लिहिले आहे. त्या वखारींतील धुळीचा ठसका ज्याने वाचला, त्याच्या लेखणीतून 'मखमली धूर' हे शब्द सहजी उतरू नयेत. त्याच निपाणीत 1981 साली तंबाखूस रास्त भाव मागणाऱ्या शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्ग अडविला, तेव्हा गोळीबार होऊन शेतकऱ्यांचे बळी पडले. आमच्या रसिकांच्या शब्दकोशात या गंधास कोणता शब्द आहे?

परीक्षणे धाडणाऱ्या स्नेह्यांस आम्ही उत्तरी इतकेच कळविले आहे की, मिश्रण मध्यम आहे, परीक्षणे परत पाठवीत आहोत, आणि पुढील खेपेस पाला कोणता, तो कशावर वाळविला, वास घरच्या कोणत्या वासासारखा, हे तीन कलम प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहावे. त्यांपैकी एकाने उलट विचारले आहे की, विडीची पारख करावयाची तर जावे कोठे. सिन्नर नाशिकपासून सुमारे तीस किलोमीटर आहे, आणि एस. टी. सकाळपासून मिळते.