रुखसानाच्या संघाला सनद हवी

अफगाणिस्तानातील ज्या तालिबान राजवटीने पतंग, संगीत, छायाचित्रे आणि स्त्रीचा उघडा चेहरा या साऱ्यांना एकामागून एक फर्माने काढून हद्दपार केले, तिनेच क्रिकेटला मात्र मुभा द्यावी आणि २००० साली आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेकडे सदस्यत्वाचा अर्ज धाडावा, या विलक्षण परंतु सत्य घटनेच्या आधारावर तिमेरी मुरारी या मद्रासच्या लेखकाने ‘द तालिबान क्रिकेट क्लब’ ही इंग्रजी कादंबरी उभी केली. ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. तिची नायिका रुखसाना ही काबूलमधील पत्रकार. दिल्लीत शिकत असताना क्रिकेट खेळलेली, आणि आता आजारी आई व धाकटा भाऊ यांच्यासह घराच्या चार भिंतींत कोंडली गेलेली. क्रिकेटच्या स्पर्धेत जो संघ जिंकेल त्याला प्रशिक्षणासाठी पाकिस्तानात पाठविले जाईल, असे जाहीर होताच तिच्या मनात येते की, आपल्या भावाला आणि चुलत-मावस भावंडांना या नरकातून बाहेर काढण्याचा याहून चांगला परवाना दुसरा मिळणार नाही. आणि ज्या मंत्र्याची तिच्यावर वाईट नजर आहे त्याच्याच डोळ्यांदेखत, खोटी दाढी लावून, पुरुषाच्या वेषात ती त्या मुलांना बॅट धरण्यापासून सारे शिकवू लागते.

कथानकातील योगायोग थोडे सैल आहेत, हे मान्य केले पाहिजे. परंतु एक गोष्ट मुरारी यांनी अचूक टिपली आहे. रुखसानाला खेळ येतो, इतरांना येत नाही, आणि तरीही मैदानात उतरण्यासाठी तिला स्वतःचे स्त्रीत्व दाराआड ठेवून यावे लागते. ज्ञान तिचे, श्रम तिचे, नाव मात्र दुसऱ्याचे. या एका कल्पनेत त्या राजवटीचा सारा कारभार सामावला आहे.

इतिहासाने पुढे जे केले ते कादंबरीहून अधिक क्लेशदायक आहे. ऑलिंपिक समितीने १९९९ साली अफगाणिस्तानला निलंबित केले आणि सिडनीच्या स्पर्धेत त्या देशाचा संघ दिसला नाही. क्रिकेटच्या दरबाराने मात्र २००१ साली, तालिबानचा अंमल चालू असतानाच, त्या देशाला संलग्न सदस्यत्व बहाल केले. तो अंमल त्याच वर्षाअखेर संपला. पेशावरच्या निर्वासित छावण्यांत खेळ शिकून आलेल्या तरुणांनी पुढील काळात जे यश मिळविले ते अभिमानास्पदच आहे. २०१७ साली अफगाणिस्तान परिषदेचा पूर्ण सदस्य झाला. या सदस्यत्वाच्या अटींत महिला क्रिकेटची व्यवस्था अंतर्भूत आहे, आणि २०२० च्या नोव्हेंबरात तेथील मंडळाने २५ स्त्री-खेळाडूंशी करारही केले.

वर्ष पुरते उलटले नाही तोच, ऑगस्ट २०२१ मध्ये, तालिबान पुन्हा काबूलमध्ये शिरले. ज्या खालिदा पोपल यांनी अफगाण मुलींना फुटबॉलच्या मैदानात आणले आणि चेहरा जगाला दाखवा असे वर्षानुवर्षे सांगितले, त्यांनाच परदेशातून त्या मुलींना कळवावे लागले की, गणवेश जाळा, छायाचित्रे पुसा, नावे मिटवा. आपण घडविलेले आपल्याच तोंडाने मोडायला सांगणे याहून कठोर शिक्षा मला कल्पिता येत नाही. क्रिकेट खेळणाऱ्या मुलींपैकी बहुतेक जणी, मेल जोन्स या माजी ऑस्ट्रेलियन खेळाडू व त्यांच्या सहकाऱ्यांच्या खटपटीने, ऑस्ट्रेलियात पोहोचल्या आणि तेथे स्थानिक क्लबांतून खेळू लागल्या. ३० जानेवारी २०२५ रोजी मेलबर्नच्या जंक्शन ओव्हल मैदानावर त्यांचा संघ प्रथमच एकत्र उतरला. वीस षटकांत त्यांनी ९ बाद १०३ धावा केल्या आणि सामना त्या हरल्या. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर खोटी दाढी नव्हती; धावफलकावर प्रत्येकीचे स्वतःचे नाव होते. रुखसानासाठी क्रिकेट ही सुटकेची वाट होती. या मुलींची सुटका झाल्यावरही त्यांना क्रिकेटच हवे आहे, आणि हा फरक परिषदेच्या धुरिणांनी नीट समजून घेतला पाहिजे.

पुरुषांच्या संघावर बहिष्कार घाला, अशी मागणी मधूनमधून उठते, आणि ऑस्ट्रेलियाने काही मालिका रद्दही केल्या. मला हा मार्ग पटत नाही. स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणावर डिसेंबर २०२४ मध्ये बंदी आली तेव्हा रशीद खान व मोहम्मद नबी या अफगाण क्रिकेटपटूंनी तिच्याविरुद्ध जाहीर शब्द उच्चारले. त्या शब्दांची किंमत त्यांना ठाऊक होती. अशा खेळाडूंचे तोंड बंद करून स्त्रियांच्या पदरात काहीच पडत नाही.

पडायला हवे ते निराळेच. २०२४ साली करारबद्ध खेळाडूंपैकी १७ जणींनी परिषदेकडे पत्र पाठवून निर्वासित संघ म्हणून खेळू देण्याची विनंती केली. एप्रिल २०२५ मध्ये परिषदेने त्यांच्या साहाय्यार्थ कृतिगट व निधी जाहीर केला, आणि त्यात आपले भारतीय क्रिकेट नियामक मंडळही सहभागी आहे. हे पाऊल स्तुत्य आहे, पण निधी म्हणजे मान्यता नव्हे. अन्नछत्रात जेवू घालणे वेगळे आणि पंक्तीला पाट मांडणे वेगळे. या संघाला रीतसर दर्जा द्यावा, त्याचे सामने अधिकृत दप्तरात नोंदवावेत, आणि त्याचा खर्च काबूलच्या मंडळाला मिळणाऱ्या वाट्यातून वळता करावा. कारण महिला क्रिकेटची अट मान्य करूनच त्या मंडळाने तो वाटा मिळविला आहे. या कामी पहिला आवाज मुंबईतून, वानखेडेच्या आवारातील मंडळाच्या कचेरीतून, उठला पाहिजे. अफगाण पुरुषांना ग्रेटर नोएडा, डेहराडून आणि लखनौ येथे स्वगृहीची मैदाने आपणच दिली. तशीच एक मालिका त्यांच्या भगिनींसाठी येत्या हंगामात याच भूमीवर भरविणे आपल्या मंडळाच्या पूर्णपणे हातातले आहे.