पटकथेचा पहिला वाचक मराठी हवा

पहिला मराठी चित्रपट लिहू पाहणाऱ्या कुणालाही विचारा, पटकथा घेऊन कुठे जायचंय? नावं ठरलेली असतात. व्हेनिसचं बिएनाले कॉलेज, तोरिनोची फिल्मलॅब, कान महोत्सवाची पॅरिसमधली रेसिडेन्सी, सनडान्सची लॅब. ही स्वप्नं पोकळ नाहीत. रोहन कानवडेचा 'साबर बोंडं' बिएनाले कॉलेजमधून गेला आणि २०२५मध्ये सनडान्सला जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. पायल कपाडिया पॅरिसच्या त्या रेसिडेन्सीत होती. तिच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला २०२४मध्ये कानचं ग्रां प्री मिळालं. आपल्याकडे एनएफडीसीची पटकथा लॅब २००७पासून आहे. 'द लंचबॉक्स' आणि 'तितली' तिथूनच पुढे गेले.

मग तक्रार काय? तक्रार ही, की परदेशातल्या या दारांतून आत जायला मराठी पटकथेला आधी इंग्रजी व्हावं लागतं. लॉगलाइन इंग्रजीत, सिनॉप्सिस इंग्रजीत, दिग्दर्शकाचं निवेदन इंग्रजीत, आणि पुढे चर्चाही बहुतेक इंग्रजीतच. परभणीच्या किंवा कुडाळच्या ज्या मुलीच्या कानात संवाद पक्के बसलेत, तिची परीक्षा पटकथेआधी इंग्रजीची होते. आत पोचलीच, तर पुढचा त्रास जास्त मोठा आहे.

समजा एक प्रसंग आहे. ज्या मुलाला पाटील जन्मभर 'ए, ये रे इकडं' म्हणत आला, तो फौजदार होऊन गावात येतो. पाटील ओट्यावर बसलाय. वर बघतो आणि म्हणतो, 'या.' मागे मुलाचा बाप चपला काढून उभा आहे. त्याला पाटील म्हणतो, 'ये.' प्रसंग संपला. गावातली सगळी उतरंड त्या दोन अक्षरांत आली. आता हे इंग्रजीत लिहा. दोघांनाही एकच शब्द. कंसात खुलासा टाकावा लागतो, आणि खुलासा केलेला विनोद जसा मरतो तसाच खुलासा केलेला अपमानही मरतो. मार्गदर्शक चांगल्या मनाने सुचवतो, इथे संघर्ष दिसत नाही, दोघांत वाद घाला. लेखक वाद घालतो. पटकथा 'सुधारते'. पाटील आरडाओरडा करायला लागतो, आणि आपण हजार वेळा पाहिलेला पाटील पुन्हा एकदा तयार होतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एकाने लिहिलेला कोड दुसरा तपासतो. त्याच्यासमोर कोडऐवजी कोडचं वर्णन ठेवलं, तर तो एकूण रचनेबद्दल चार शहाण्या गोष्टी सांगेल. पण चूक ज्या ओळीत आहे, ती ओळ त्याने पाहिलेलीच नसेल. मराठी पटकथेचं नेमकं हेच होतं.

यावर कुणी चैतन्य ताम्हाणेचं उदाहरण देईल. त्याला अल्फोन्सो क्वारोन गुरू म्हणून लाभला. क्वारोनला कुठे मराठी येतं? तरीही 'द डिसायपल'ला २०२०मध्ये व्हेनिसला पटकथेचंच पारितोषिक मिळालं. मान्य. पण ताम्हाणे तिथे गेला तो 'कोर्ट' करून. आपल्या माणसांची बोली कशी पकडायची हे त्याने आधीच दाखवून दिलं होतं. ज्याची पहिलीच पटकथा अजून कच्ची आहे, त्याला सोबत बसून 'हा माणूस असं बोलणार नाही' म्हणणारा कुणीतरी लागतो. आणि जो वाचक ते बोलणं ऐकू शकत नाही, तो हे सांगू शकत नाही.

नाटकात ही सवय आपल्याकडे आहे. लेखक नाटक वाचून दाखवतो, मंडळी ऐकतात. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमीत सीनियर येऊन बसतात, एकांकिकेची साफ चिरफाड करतात, आणि पोरं रात्रीतून शेवट बदलतात. चित्रपट लिहिणारा मात्र एकटा. मराठीत पटकथेची शिबिरं अधूनमधून होतात, पण तीन दिवसांत टिपणं होतात, पुनर्लेखन होत नाही. कानच्या रेसिडेन्सीत साडेचार महिने मिळतात, आणि खरं मोल त्या वेळेचं आहे.

या वेळेला पैसे लागतात. हप्ते चालू असलेला माणूस चार महिने बिनपगारी बसू शकत नाही. बसतात ते ज्यांना घरून आधार आहे ते. मग कुणाच्या गोष्टी पडद्यावर येतात, हेही तिथेच ठरतं. मराठी चित्रपटाला राज्य सरकार अनुदान देतं, पण ते तयार चित्रपट पाहून, दर्जा ठरवून. कागदावरची चूक खोडायला पेन पुरतं. शूटिंग झाल्यावर तीच चूक काही लाखांची होते. आणि आपण पैसे देतो ते अगदी शेवटी.

म्हणून मागणी साधी आहे. त्याच अनुदानातला एक छोटा हिस्सा काढा. दरवर्षी सहा जण, चार महिने, दरमहा मानधन. अर्ज मराठीत, आणि मराठी म्हणजे मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी सगळं आलं. दर महिन्याला नटांना बसवून पटकथेचं मोठ्याने वाचन. मार्गदर्शकांत एक लेखक, एक संकलक, आणि हवा असेल तर बाहेरचा एक पाहुणाही.

'यात वशिला शिरेल' ही भीती खरी आहे. सत्कारमूर्तींची समिती नेमली तर चार वर्षांत तिचा कट्टा होईल. त्यावर उपाय आहेत: निवड करणाऱ्यांची नावं आधी जाहीर करा, दरवर्षी बदला, आणि पहिल्या फेरीत अर्जदारांची नावं झाका. ही भीती पुढे करून काहीच न करणं मात्र सगळ्यांत सोयीचं आहे.

व्हेनिसला, पॅरिसला जरूर जावं. पण मराठीत घडून, पक्कं होऊन जावं. 'ये' आणि 'या' यांतला फरक ज्याला समजावून सांगावा लागत नाही, अशा माणसासमोर पटकथा निदान एकदा तरी वाचली गेली पाहिजे.